चौथ्याचा सीटबेल्ट

नामदेवकाकांनी गाडीच्या मागच्या सीटवर उपरण्याची चुंबळ केली, तिच्यात लिंबाएवढा एक गोटा ठेवला, त्याच्यावरून सीटबेल्ट ओढून घेतला आणि खटका लावला. मग पुढे माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "झाले चार. चाल आता. काई घाई नाही."

मी स्वतः बेल्ट लावला नव्हता. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

तिघांनी मिळून कुठे निघू नये, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. निघावंच लागलं तर चौथा म्हणून एखादी सुपारी नाहीतर खडा खिशात टाकायचा आणि मुक्कामी पोचल्यावर टाकून द्यायचा, इतका साधा मामला. काकांची गोष्ट वेगळी. चौथा म्हणजे चौथा प्रवासी, त्याला जागा पाहिजे आणि मानही पाहिजे. त्यातही गंमत अशी की त्या दिवशी मुळात मी आणि माझी मुलगी रेणू असे दोघंच निघणार होतो. दोघांत काही अडचण नव्हती. "पोरीले पोचवाले मी येतो" म्हणत काका स्वतः तिसरे झाले आणि स्वतःमुळे झालेली अडचण मिटवायला गोटा घेऊन आले.

काका म्हणजे आमच्या चिखलीच्या शाळेतले निवृत्त पीटीचे मास्तर. आमच्या घराला लागून घर. गल्लीतले बाप, लेक आणि नातवंडं सगळेच त्यांना काका म्हणतात, कारण तिघांनाही त्यांनी उन्हात उभं केलेलं आहे. निवृत्तीला पुष्कळ वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी उतरली नाही. दूधवाला उशिरा आला की शिट्टी. गाय फाटकात शिरली की शिट्टी. एकदा गल्लीतल्या लग्नात नवरदेवाची वरात रेंगाळली, तेव्हा काकांनी शिट्टी मारून बँडसकट सगळ्यांना कदमताल करत मांडवापर्यंत नेलं होतं. मुहूर्त साधला. नवरदेव घोड्यावर होता म्हणून वाचला.

दुसरा नाद म्हणजे पोचवण्याचा. गल्लीतलं कोणी परगावी निघालं की काका त्याला पोचवायला हजर. कोणी पुण्याला शिकायला चाललं, कोणी शेगावला दर्शनाला, काकांना सारखंच. एसटी हलेपर्यंत थांबतात, मग दिसेनाशी होईपर्यंत हात हलवतात. एकट्या माणसाला तर ते निघूच देत नाहीत. "काऊन रे, एकटाच जाऊन राह्यला? सोबत पाय कोणी." मग अख्खं स्टँड हिंडून त्याच गावाचा कोणीतरी शोधतात आणि दोन अनोळखी माणसांना एका सीटवर बसवून देतात. यातून एक सोयरीक जमल्याचं सांगतात. भांडणं किती झाली ते सांगत नाहीत.

तर रेणूला बेंगळुरूला नोकरी लागली होती. पहिलीच नोकरी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. विमान संभाजीनगरहून, सकाळचं, आणि त्याच्या मागे त्या दिवशी दुसरं नव्हतं. चुकलं तर पोरगी पहिल्याच दिवशी गैरहजर लागणार. बायकोची शाळेत परीक्षेची ड्युटी होती, म्हणून तिने दारातूनच डोळे पुसले. मी उजाडता उजाडता गाडी काढली होती. हिशेबाने वेळ भरपूर होता, पण हिशेबात काका धरलेले नव्हते.

चिखलीच्या बाहेर पडतो न पडतो तोच काका म्हणाले, "थांब, पोरीच्या हातावर दही राह्यलं." दही राहिलं नव्हतं. माझ्या बायकोने दिलं होतं, रेणूने खाल्लं होतं. "ते तुमच्या घरचं. माह्या घरचं राह्यलं न." गाडी माघारी. काकांच्या स्वयंपाकघरात दही सापडेपर्यंत मी गल्लीत इंजिन चालू ठेवून बसलो. बाईमाणसाशिवायचं घर, विरजण लागलं तर लागलं. शेवटी ताकासारखं काहीतरी वाटीत घेऊन आले. रेणूने ते डोळे मिटून गिळलं.

देऊळगाव राजाला बालाजीला हात जोडायला गाडी थांबवायला लावली. मी बसूनच नमस्कार केला. काकांनी खाली उतरून केला, मग मागचं दार उघडून गोटा उचलला, देवळाच्या दिशेने धरला आणि परत बेल्टात घातला.

"काका, तो दगड आहे," मी म्हणालो.

"अन् आतमधी काय बसला आहे बापू? तोबी गोटाच हाय."

मी गाडी सुरू केली.

जालन्याच्या अलीकडे चहा. मला नको होता, रेणूला नको होता. काकांना हजेरी घ्यायची होती. कुठेही थांबून निघायचं झालं की हजेरी, हा त्यांचा सहलीचा नियम. स्वतः "एक" म्हणतात आणि थांबतात. मी "दोन" म्हणायचं असतं. माझं वय पन्नास, चिखलीत माझं इलेक्ट्रिकचं दुकान, हाताखाली माणसं. मी म्हणत नाही. लहानपणीही म्हणत नव्हतो, त्यापायी मैदानाला चकरा मारल्या आहेत. मग रेणूनेच दोन आणि तीन दोन्ही म्हटलं. शेवटचं "चार" काकांनी गोट्याच्या वतीने म्हटलं, हळू आणि जरा मऊ आवाजात.

रेणूला या सगळ्याचं काहीच वाटत नव्हतं. ती अर्धी त्यांच्याच घरात वाढली. आम्ही नवरा-बायको दोघं कामावर, तेव्हा काकूच तिला शाळेत सोडायच्या, वेणी घालायच्या, जेवू घालायच्या. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. काकांना मूलबाळ नाही. काकू फार कुठे गेल्या नाहीत, पण एसटीत बसल्या की खिडकी पाहिजे म्हणजे पाहिजेच. बस उभी राहायच्या आत बाहेरून रुमाल टाकून जागा धरायच्या आणि त्यावरून कंडक्टरशीसुद्धा भांडायच्या. काका शाळाभर पोरांना धाक दाखवत, पण खिडकीत कधी बसले नाहीत.

"रेणू," काकांनी मागे वळून विचारलं, "विमानात खिडकी भेटते का?"

"मागून घेतली आहे काका."

"हं. बेस केलं," म्हणाले आणि समाधानाने बाहेर पाहत बसले.

जालना सुटलं आणि रस्ता भरायला लागला. संभाजीनगर जवळ आलं तसं कंपन्यांच्या बसा, शाळेच्या व्हॅना, दुधाच्या मोटरसायकली, सगळ्यांना एकदमच पोचायचं होतं. विमानतळाच्या अलीकडच्या चौकात एक कडब्याचा टेम्पो आडवा झाला होता. त्याच्या अंगावर दोन बसा चढल्यासारख्या उभ्या आणि चारी बाजूंनी हॉर्न. आमची गाडी जागची हलेना. रेणू मोबाईलमध्ये वेळ पाहायची आणि मोबाईल पालथा ठेवायची. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता.

माझा मात्र तोल सुटला. "दही, बालाजी, चहा," मी म्हणालो. "काका, तुमच्यापायी पोरीचं विमान चुकतं आज."

काकांनी एकदा माझ्याकडे, एकदा चौकाकडे पाहिलं. मग ते खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि रेणूच्या डोक्यावर हात ठेवला. "मायबाई, नीट जाजो," एवढंच म्हणाले. जरा वेळ वाकून सीटवर काहीतरी खुडबुड केली. मला वाटलं, गोट्याचा बेल्ट तपासत असतील, आणि माझं डोकं आणखी तापलं.

दार लागलं आणि चौकातून शिट्टी ऐकू आली.

पुढे जे झालं ते मी काचेतून पाहिलं. पांढरा शर्ट, खाकी पँट, पायात कॅनव्हासचे बूट, असा तो सत्तरीचा माणूस गाड्यांच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने एक हात आडवा केला. कंपनीच्या बसवाल्याने ब्रेक दाबला. त्यालाही कधीतरी कोणीतरी उन्हात उभं केलंच असणार. "टेम्पो, एक कदम पीछे! पीछे म्हंतलं न बे!" टेम्पो मागे झाला. "बस, जागेवर!" बस जागेवर राहिली. मोटरसायकलवाले दोन-दोनच्या रांगेत लागले. कोणाला वाटलं पोलीस आहे, कोणाला वाटलं वेडा आहे. ऐकलं मात्र सगळ्यांनी.

मग माझ्याकडे बोट करून लांब शिट्टी. मी निघालो. काकांना घ्यायला थांबलो असतो तर परत अडकलो असतो. ते जागचे हललेही नाहीत, कारण ते हलले असते तर चौक पुन्हा बंद झाला असता. जन्मभर लोकांना दिसेनासे होईपर्यंत पोचवणारा माणूस रेणूच्या वेळी चौकातच राहिला. मागच्या काचेतून ती हात हलवत होती. त्यांचे दोन्ही हात रहदारीत गुंतलेले.

विमानतळाच्या दारात रेणू धावत आत गेली. काउंटर बंद व्हायच्या बेतात होतं, पण तिला घेतलं. फोनवर "झालं बाबा" ऐकलं तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. आणि मग काकांना काय काय बोललो ते सगळं आठवायला लागलं.

परत चौकात आलो तर काका चहाच्या टपरीवर बसलेले. समोर खराखुरा वाहतूक पोलीस उभा, आणि काका त्याला शिट्टी कशी धरावी ते सांगत होते.

"भेटलं विमान?"

"भेटलं काका."

ते गाडीत बसले. सहज माझं मागे लक्ष गेलं. बेल्ट लावलेला, चुंबळ जागेवर, गोटा नाही.

"काका, गोटा कुठे?"

ते काही बोलणार तोच रेणूचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला.

"बाबा, माझ्या पर्समध्ये गोटा निघाला." हसत होती की रडत होती, कळेना. "तपासणीत त्यांनी बाहेर काढला. म्हणे हे काय आहे? कुंकू लागलेला आहे बाबा. हा काकूंच्या तुळशीतला आहे. मी रोज पाणी घालायचे याच्यावर."

मी काकांकडे पाहिलं. ते सरळ समोर पाहत होते.

"तिकडं पोरगी एकटी पडन न," ते म्हणाले. "आता पाय, तिकडं दोघी, इकडं आपण दोघं. दोन-दोनची रांग. बराबर झालं." मग फोनकडे वाकले. "रेणू, घेतला का त्याह्यनं तो गोटा?"

"नाही काका. मी सांगितलं, आमच्या काकू आहेत. त्यांनी परत दिला."

"मंग खिडकीत धरजो बाई तिले. लय दिवसाचं म्हणे, विमानात बसायचं. मीच म्हणो, नेतो, काई घाई नाही."

रेणूने फोन ठेवला. थोड्या वेळाने विमानाचा आवाज आला. काका खाली उतरले आणि आभाळाकडे हात हलवत उभे राहिले. ते विमान तिचंच होतं की नाही, देव जाणे. दिसेनासं झाल्यावर ते गाडीत येऊन बसले, बेल्ट लावला आणि सवयीने म्हणाले, "एक."

म्हणाले आणि थांबले. मागून बोलणारं आता कोणी नव्हतं.

"दोन," मी म्हणालो.