मोहर लागली आणि फोन वाजला

कारखानदाराच्या दिवाणखान्यात जप्तीच्या पिशवीवर लाखेची मोहर बसली आणि आतला एक फोन वाजू लागला. ती धून तपासनीसानं लगेच ओळखली. फोन त्याचा स्वतःचा होता.

गुन्हे तपास खातं देशाचं, नियम कडक. छाप्याला जाताना आपले फोन कचेरीत ठेवायचे. पण आज लेक दवाखान्यात होती, बाळंतपणाची पहिलीच खेप, त्यात अडलेली. बापाचं काळीज कुठले नियम पाळणार? त्यानं फोन लपवून आणला, चोरून एकदा बघितला आणि घाईत टेबलावर ठेवला. साहेबांनी घरातल्या फोनांबरोबर तोही पिशवीत टाकला.

"साहेब, तो... माझा आहे. लेक अडलीय दवाखान्यात."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "आता मोहर फोडली, तर यांचा वकील म्हणेल, आम्हीच आत काहीतरी कोंबलं. सगळी केस पाण्यात!"

"फोडा की," कारखानदार सोफ्यावरून म्हणाला. "माझी काही हरकत नाही."

"तुमची कशाला असेल!"

फोन थांबला, पुन्हा वाजू लागला. तपासनीस पांढराफटक पडला. कारखानदाराच्या बायकोला काही ते बघवेना. "अहो, आमचा घरचा फोन आहे ना. त्यावरून लावा लेकीला."

त्यानं रिसीव्हर उचलला. पण लेकीचा नंबर आठवेना, जावयाचा आठवेना, बायकोचासुद्धा नाही. या घरातले सगळे मात्र तोंडपाठ होते, पण ते सांगायची सोय नव्हती.

"धीर धरा हो," बाई म्हणाल्या. "आमच्या मुलीचंही असंच अडलं होतं."

"हो ना, पायाळू होता," तपासनीस आपल्याच तंद्रीत बोलून गेला. "आणि दुपटी तुम्ही घरीच विसरला होतात."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे आमच्या फोनला तुमचा कान होता तर!" कारखानदार उठून उभा राहिला. "कधीपासून?"

"दीड वर्ष झालं." आता लपवून काय उपयोग? "तुमचा नातू फोनवर पहिल्यांदा रडला ना, तेव्हा इकडे मीही रडलो होतो."

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि त्या नवऱ्यावर कडाडल्या, "बघत काय बसलात? लिहून द्या त्यांना!"

कारखानदारानं मुकाट्यानं लिहून दिलं : मोहर माझ्यासमोर, माझ्या संमतीनं फोडली, माझी तक्रार नाही. छाप्याला सोबत आणलेल्या साक्षीदारांनी सह्या ठोकल्या. साहेबांनी देवाचं नाव घेऊन मोहर फोडली. फोन पुन्हा वाजलाच. घाईत तपासनीसाचं बोट भलतीकडेच पडलं आणि स्पीकर सुरू झाला.

"बाबा, होतात कुठे?" जावई ओरडत होता. "मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत!" मागून खणखणीत टाहो ऐकू आला.

तपासनीस मटकन खाली बसला आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. साहेब उगाचच खिडकीबाहेर बघू लागले. बाळाचं रडणं घरभर घुमत होतं, पण बंद करा असं कुणीच म्हणेना.

"चला, फिटंफाट झाली," कारखानदार म्हणाला. "आमचं तुम्ही ऐकलंत, तुमचं आम्ही."

"गप्प बसा हो," बाई म्हणाल्या. "ऐकू द्या जरा."