धनूकाकांची पंगत

आमच्या बोईसरच्या सोसायटीत लहान पोर दिसलं की इतर माणसं विचारतात, "जेवलास का?" धनूकाका विचारतात, "कोणाबरोबर जेवला?" उत्तर "एकटाच" आलं, की त्या पोराच्या घरची बेल वाजलीच म्हणून समजा.

काका मूळचे चिंचणीचे. वडील मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. काका मात्र जन्मभर तारापूरच्या कारखान्यात शिफ्ट करून निवृत्त झाले. काकू गेल्यापासून आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात, आणि आमच्या सुदैवाने त्यांना वेळ भरपूर असतो.

त्यांचं वैद्यकशास्त्र एका वाक्याचं. "पोर डब्यातल्या पावडरीनं वाढत नाय, पंगतीत वाढतं." पोराला सर्दी झाली? बाप जेवायला नव्हता. गणितात नापास? आई उभ्याने जेवली. डॉक्टर लोक उगाच इतकी वर्षं शिकतात.

एकदा आमची मनू टीव्हीपुढे, बायको ओट्यापाशी आणि मी मोबाइलवर, असं आमचं सुखी कुटुंब जेवत होतं. काका आत आले. टीव्ही बंद केला, माझा मोबाइल फ्रीजवर ठेवला. "बोटीवर सगले खलाशी टोपाभोवती बसल्याशिवाय तांडेल घास घेत नाय. तू कोण मोटा लागून गेला?"

मी मुकाट जमिनीवर बसलो. घरात माझा हुकूम चालण्याची सवय तशीही कोणाला नव्हती.

तेव्हापासून आम्ही एकत्र जेवतो. मनूचं वजन वाढलं की नाही ठाऊक नाही, माझं वाढलं. पण शाळेत तिला कोण छळतं, हे मला बोंबलाचं कालवण खाताना पहिल्यांदा कळलं. काकांना हे सांगितलं नाही. ते आधीच पुरेसे फुगले होते.

मागच्या महिन्यात त्यांचा मुलगा बंगळूरहून आला. काकांनी सकाळीच पापलेटं आणली, जिन्यात सगळ्यांना ऐकवलं, "आज माज्याकडं पंगत!" आणि दुपारी आम्ही जेवत असताना हातात वाढलेलं ताट घेऊन आमच्या दारात उभे. "बसू का?"

"मुलगा कुठंय?"

"ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. दार लावून जेवतो."

"मग काढून घ्या त्याचा मोबाइल! आमचा बरा घेतलात."

काका खाली बसले. "कुठल्या तोंडानं? तो लहान होता तवा माजी सेकंड शिफ्ट, त्याची आय पॅकिंगला. पोर एकटंच जेवायचं. त्याला तीच सवय हाय."

मला फार वाईट वाटलं. मनू मात्र उष्ट्या हाताने उठली आणि सरळ समोरच्या घरात शिरली. दार वाजवल्याचा आवाज आला, पाठोपाठ तिचा. "दादा, कोणाबरोबर जेवतोयस?"

मग सहा फुटी मुलगा अर्धं संपलेलं ताट घेऊन आमच्याकडे आला. काका भिंतीकडे सरकले. तो शेजारी बसला.

काकांचं ताट तोवर जसंच्या तसं होतं. आता त्यांनी पहिला घास घेतला.