राउटरची खंडेनवमी

खंडेनवमीला आमच्या घरात अवजारांची पूजा मी करतो. कोळपं, विळे, खुरपी, पंपाचा स्टार्टर आणि शिवगंगाबाईंची (म्हणजे माझ्या बायकोची) शिलाई मशीन. ज्याच्यावर घर चालतं त्याला त्या दिवशी हळदी-कुंकू, झेंडूचं फूल आणि उदबत्ती. यंदा मी ठरवलं की राउटरलाही वगळायचं नाही.

(हे ठरवीपर्यंत मी बऱ्यापैकी शहाणा माणूस होतो.)

ठरवायला कारण होतं. माझी सून महेश्वरी हिची त्याच दुपारी बंगळूरच्या एका कंपनीत लॅपटॉपवरून मुलाखत होती. नोकरी मिळाली तर ती इथं आमच्या माकणी गावात घरी बसूनच काम करणार होती. नाही मिळाली तर दिवाळीनंतर ती आणि माझा मुलगा विरेश पुण्याला जाणार, हे ठरून गेलं होतं. मी कुणाला काही बोललो नव्हतो. एक तर मी बोलतोच कमी. त्यात चौथी शिकलेल्या माणसानं इंजिनियर सुनेला काय सांगायचं? पण घर रिकामं व्हायला मला नको होतं.

मुलाखतीत तिला राउटरमध्ये केलेलं आपलं काम दाखवायचं होतं. कसलं काम, ते तिनं मला भाकरी थापता थापता समजावलं होतं. मोबाईलवर आपण एखादं नाव टाकलं की त्या नावाचं घर कुठं आहे, हे कुणाला तरी विचारावं लागतं. बाकीचे लोक नेटवाल्या कंपनीला विचारतात. हिनं आमच्या राउटरच्या आतच एक डबा मांडला होता आणि त्यात जणू एक गडी बसवला होता. त्या गड्याला स्वतःला काही माहीत नसतं. तो आधी सगळ्यात वरच्याला विचारतो, वरचा सांगतो अमक्याकडं जा, अमका म्हणतो तमक्याला विचार. असं करत घर सापडतं आणि एकदा सापडलं की तो पत्ता ध्यानात ठेवतो. विरेशसाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा मीही तेर गावच्या एसटी स्टँडपासून असाच विचारत विचारत महेश्वरीच्या दारात पोचलो होतो. त्यामुळे डब्यातल्या गड्याविषयी मला आपुलकी वाटायला लागली होती. त्याला पूजेत उपाशी ठेवणं बरं दिसलं नसतं.

बाकी अवजारांच्या उदबत्त्या मी केळ्यात खोचल्या. राउटरपाशी येईपर्यंत केळी संपली (शेवटचं मी खाल्लं होतं). उदबत्ती कशात लावावी म्हणून राउटर फिरवून पाहिला, तर त्याच्या पाठीला, वायरींच्या शेजारी, काडीला बेतून पाडल्यासारखं एक बारीक भोक. बनवणाऱ्यानं आपल्या लोकांचा एवढा विचार केलेला पाहून मला भरून आलं. राउटर उभा केला आणि काडी भोकात खोचली. ती डुगडुगत होती, म्हणून दाबून धरली आणि ‘ॐ नमः शिवाय’ म्हणायला लागलो. मी मंत्रसुद्धा सावकाश म्हणतो. थोड्या वेळानं राउटरचे सगळे दिवे एकदम विझले आणि एकदम लागले. देव इतक्या झटपट पावल्याचा मला अनुभव नव्हता. मी मनोभावे हात जोडले.

तेवढ्यात महेश्वरी लॅपटॉप घेऊन बाहेर आली.

“मामा, राउटरला कुणी हात लावला का?”

“हात न्हाय लावला. उदबत्ती लावली.”

“कुठं?”

मी दाखवलं. ती खालीच बसली. ते भोक म्हणे राउटरला सगळं विसरायला लावण्यासाठी असतं. डबा गेला, गडी गेला, घरातलं नेट गेलं. दुकानातून आणला त्या दिवशी होता तसा तो कोरा झाला होता.

“पुण्याचं तिकीटच काढून दिलं की तुमी पोरीला,” शिवगंगाबाई म्हणाल्या.

‘माझं चुकलं’ हे दोन शब्द माझ्या तोंडापर्यंत यायलाही वेळ लागला. तोवर महेश्वरी पदर खोचून उठली होती.

“डबा परत बसवता येतोय, मामा. कसा बसवायचा ते माझ्या डोक्यात आहे, आणि तिथं भोक न्हाय.”

पण त्यासाठी नेट हवं, आणि आता ते फोनचंच घ्यावं लागणार होतं. आमच्या घरात मोबाईलला रेंज फक्त गच्चीवर मिळते, तीही फोन डोक्याच्या वर धरला तर. तिनं राउटर, लॅपटॉप, विजेची लांब वायर सगळं गच्चीवर नेलं. तिथं उडीद वाळत घातले होते. ते थोडे सारून ती बसली, मला मागं उभं केलं, माझ्या हातात फोन दिला आणि हात खाली आणू नका म्हणून बजावलं.

मुलाखत इंग्रजीत झाली. तिनं काडीचं आणि भोकाचं सांगितलं असावं, कारण पडद्यावरची माणसं बराच वेळ हसत होती. मग ती बोलत बोलत, त्यांच्यासमोरच, डबा नव्यानं मांडायला लागली. माझा हात आधी दुखला, मग बधिर झाला, मग तो माझाच आहे की नाही ते कळेना. कबुतरं आली आणि माझ्या पायाशी उडीद टिपायला लागली. हुसकावलं तर फोन हलेल, म्हणून मी पापणीसुद्धा हलवली नाही. हात खाली आला की पोरं पुण्याला, एवढं एकच मनात धरून उभा राहिलो.

शेवटी तिनं एक नाव टाकलं आणि थांबली. नवा गडी विचारत विचारत कुठवर गेला कोण जाणे, पण घर शोधून आला. तेच नाव तिनं पुन्हा टाकलं, तर उत्तर पापणी लवायच्या आत हजर. महेश्वरीनं मागं न बघता मला अंगठा दाखवला.

दसरा झाल्यावर कंपनीच्या मॅडमचा फोन आला. नोकरी मिळाली. विरेशनं पुण्याच्या खोलीवाल्याला लगेच नाही म्हणून कळवलं. मी पेढे आणायला चपला घालायला लागलो.

“मॅडमनी तुमचा पण विषय काढला होता, मामा,” महेश्वरी म्हणाली.

मी फेटा सारखा करून परत आत आलो आणि ताठ बसलो.

“त्या म्हणाल्या, तुमच्या गच्चीवरचं बुजगावणं दिसायला लई छान आहे, पण कामाचं न्हाय. कबुतरं त्याच्या पायाशीच खात होती.”

“मग तू काय सांगितलं?”

“म्हटलं, घरचंच आहे, असू द्या.”

शिवगंगाबाईंनी मशीनवरून मानही वर केली नाही.

“बाई हुशार दिसती,” त्या म्हणाल्या. “एवढं कळायला मला चार वर्षं लागली होती.”