तपकिरी दार

धक्क्यावरच्या तिकीटखिडकीतला कारकून बेटावरच जन्मला, बेटावरच वाढला, आणि बेटावरच्या साऱ्या माणसांप्रमाणे एक नियम कसोशीने पाळत आला होता. पर्यटकाच्या तोंडाकडे बघायचं नाही. नजर भिडली की तो रस्ता विचारतो, आणि रस्ता सांगितला की आपल्यालाच कॅमेरा देऊन फोटो काढायला लावतो. म्हणून बेटावरचे लोक पर्यटकांशी बोलताना त्यांच्या टोपीवरून आभाळाकडे बघतात. पर्यटकांना वाटतं, किती शांत माणसं आहेत!

कारकुनाचं दुखणं म्हणजे त्याचं निळं दार. कुणीतरी त्याचा फोटो कुठेतरी टाकला, आणि तेव्हापासून सकाळी दूध घ्यायला दार उघडावं तर पायरीवर एखादं जोडपं गालाला गाल लावून उभं असायचं.

"काका, जरा बाजूला होता का? तुम्ही फोटोत येताय."

बुधवारी ताईचा फोन आला. नऊ वर्षांनी. भाचीच्या लग्नाला कारकून गेला नव्हता. "सीझन आहे, जमणार नाही," एवढंच कळवून मोकळा झाला होता. ताईने तेव्हापासून बोलणं टाकलं होतं.

"रविवारी येते," ताई म्हणाली. "घ्यायला येऊ नकोस, तुझा सीझन असेल. दार मला माहीत आहे."

माहीत असणारच. तिची करंगळी वाकडी झाली ती याच दारात सापडून, आणि लहानपणी ते दार आपटलं होतं यानेच. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ उगाचच कडी पुसत बसला.

"ताईंना पाय ठेवायला पायरी तरी मोकळी करा," बायको म्हणाली. "नाहीतर त्यांनाही बाजूला व्हायला सांगतील."

गुरुवारी त्याने दारावर पाटी लावली : 'हे घर पाहण्यासारखं नाही.' शुक्रवारी लोक पाटीसकट फोटो काढू लागले. शनिवारी रांग लागली, आणि एका गाईडने आपल्या सहलीत पाटीपाशी चार मिनिटांचा थांबा ठेवला.

"काढा ती पाटी!"

"काढली तर पाटी कुठे गेली म्हणून विचारतील."

"मग दारच काढा!"

बायको वैतागून बोलली होती, पण कारकुनाला त्यात तथ्य दिसलं. रविवारी ती बाजारात गेल्यावर त्याने पाटी उतरवली आणि तपकिरी रंगाचा डबा फोडला. गुण लगेच आला. तपकिरी दाराकडे कुणी ढुंकून बघेना. एखादा चुकार पर्यटक तेवढा मागे उभा राहून चौकशी करी. प्रश्न ठरलेला असल्यामुळे कारकून आवाजाकडे लक्षच देत नसे. ब्रश न थांबवता, मान न वळवता तो उत्तर देई.

रंगाचा दुसरा हात देताना पुन्हा मागून कुणीतरी विचारलं, "इथलं निळं दार कुठे गेलं?"

"गेलं ते. आता इथे बघण्यासारखं काही राहिलं नाही. परतीची बोट चारला आहे."

मग दारावर एक हात टेकला.

"हात लावू नका हो, रंग ओला आहे!" तो दारालाच म्हणाला.

"बरं," म्हणून पावलं निघून गेली.

तीन वाजता बायकोने विचारलं, "ताई अजून कशा नाही आल्या?"

"येईल. दार माहीत आहे म्हणालीय ना!" असं म्हणत तो ड्यूटीवर गेला.

खिडकीतून तसेही फक्त हात दिसतात. "एक द्या. परतीचं," म्हणत एक हात आत आला. तळव्याला तपकिरी रंग.

"ओल्या रंगाला हात लावलात वाटतं," तो वरच्या चौकटीकडे बघत म्हणाला. "पुढे."

शेवटचं तिकीट फाडून त्याने खिडकी बंद केली, तेव्हा कुठे ती वाकडी करंगळी त्याच्या डोक्यात शिरली.

तो धक्क्यावर धावला. बोट सुटली होती. "ताई! अगं ताई!" इंजिनाच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू येईना, म्हणून तो दोन्ही हात हलवत राहिला. बेटावरचा माणूस निरोप द्यायला आलेला पाहून पर्यटक हरखले. सगळ्या बोटीने हात हलवले, काहींनी फोटो काढले. कारकून आयुष्यात पहिल्यांदाच पर्यटकांची तोंडं बघत होता, एकेक करून, अधाशासारखी.

कठड्याशी एकाच बाईंनी हात हलवला नाही. बेटावरच जन्मलेल्या माणसासारखं त्यांनी त्याच्या डोक्यावरून आभाळाकडे पाहिलं.