मागे अजून दोनच

दातांच्या डॉक्टरांनी डोंगरावर चालवायची सायकल घेतली तेव्हा त्यांचं वय चोपन्न होतं, आणि त्यांच्या गुडघ्यांचं साठीच्या पुढे. जाड टायरची, एकवीस गिअरची सायकल. त्यातले तीन गिअर कशासाठी असतात ते त्यांना कळलं होतं, बाकीचे अठरा कळायला अख्खं आयुष्य पडलं होतं. पण सायकलीवर त्यांचा जीव जडला. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघणाऱ्या माणसाला सकाळी तासभर मान वर करून फिरता येतं, हे सुख त्यांना पहिल्यांदाच सापडलं होतं.

फिरायची जागा म्हणजे सार्वजनिक बागेतली टेकडी. वाट एकच, अरुंद आणि एकेरी. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला घळ. चालणारे आणि सायकलवाले, दोघांत मिळून ती एकच वाट, त्यामुळे कुरबुरी आल्याच. सायकलवाल्यांविरुद्ध दोन तक्रारी वहीत चढल्या होत्या, आणि तिसरी चढली की त्या दिवसापासून वाट सायकलींना बंद, असं बागेच्या मुकादमांनी ठणकावून सांगितलं होतं. शिवाय त्यांनी एक पाटीही लावली होती. सायकलवाल्याने वाट मागताना आपल्या मागे अजून किती सायकली आहेत ते सांगायचं, म्हणजे बाजूला झालेल्या माणसाला किती वेळ थांबायचं ते कळतं.

डॉक्टरांना या धमकीची काडीइतकीही भीती वाटली नाही. "माझ्यामुळे तक्रार?" ते बायकोला म्हणाले. "तीस वर्षांत माझ्या खुर्चीत बसलेल्या एकानेही तक्रार केलेली नाही."

"तोंडात एवढा कापूस असल्यावर कोण करणार?" बायको बुटांच्या नाड्या बांधत म्हणाली. तीही रोज त्याच टेकडीवर चालायला जायची, पण नवऱ्याच्या नंतर, आणि त्याची ओळख न दाखवता.

त्या रविवारी डॉक्टर चढावरच्या वळणाला पोचले तेव्हा पुढे रिटायर झालेले पोस्टमास्तर चालले होते. डॉक्टरांनी घंटी वाजवली. पोस्टमास्तर शहाण्या माणसासारखे लगेच बाजूला झाले आणि नियमाप्रमाणे त्यांनी विचारलं, "मागे किती?"

मागे कोणीच नव्हतं. पण इतकी वर्षं डॉक्टर एकाच प्रश्नाला एकच उत्तर देत आले होते. खुर्चीतला माणूस कण्हू लागला, 'अजून किती?' असं डोळ्यांनी विचारू लागला की ते मायेने म्हणत, 'झालं, दोनच मिनिटं.' पुढे ती दोन मिनिटं कितीही लांबोत. त्यातून डॉक्टरांना धाप लागलेली, त्यामुळे डोकं बाजूला राहिलं आणि जीभ आपल्या सवयीने चालली.

"दोनच," डॉक्टर मायेने म्हणाले आणि पुढे गेले.

आता पोस्टमास्तरांनी पस्तीस वर्षं टपाल मोजलेलं. दोन म्हणजे दोन. ते उभे राहिले, आणि मागून जो येईल त्यालाही त्यांनी थांबवलं. अर्ध्या तासात वळणावर अकरा माणसं आणि एक कुत्रा अशी रांग लागली. गेले असतील परत, असं कोणीतरी म्हणून पाहिलं. वाट एकेरी आहे, परत जाताच येत नाही, असं पोस्टमास्तरांनी दाखवून दिलं. पुढे आले नाहीत, मागे गेले नाहीत, म्हणजे घळीत पडले. एवढा सरळ हिशोब झाल्यावर मुकादमांना फोन गेला.

डॉक्टर टेकडीला वळसा घालून, घामाघूम आणि खुशीत फाटकाशी आले, तर मुकादम दोन माळी आणि एक दोरखंड घेऊन निघालेले. काखेत तक्रारवही. "तुमचे दोघं घळीत पडलेत," मुकादम म्हणाले.

खरं सांगितलं तर तिसरी तक्रार, तीही आपल्या नावावर. म्हणजे वाट बंद, सकाळचा तो एक तास बंद, पुन्हा आयुष्यभर खाली मान. डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "येतील हो, दोनच मिनिटांत." मुकादमांनी दोघांची वर्णनं विचारली तेव्हा त्यांनी तीही दिली. एक सडपातळ. दुसरा जरा अंगाने भरलेला, पांढरं हेल्मेट.

वळणावर पोचल्यावर माळी दोराने खाली उतरले. एकजण काटेरी झुडपात अडकला, तेव्हा त्याला सोडवायला दुसरा गेला आणि तोही अडकला. वरून अकरा माणसं पांढऱ्या हेल्मेटला हाका मारत होती. डॉक्टरही मारत होते, आणि शरमेने त्यांना स्वतःचाच आवाज ऐकवत नव्हता. तेवढ्यात रांगेच्या टोकाला उभी असलेली त्यांची बायको पुढे आली.

"मुकादम, तुमच्या माणसांना वर घ्या," ती म्हणाली. "ह्यांच्याबरोबर कोणी नव्हतं. सायकल चालवणारा एक मित्र नाही ह्यांना. काल मलाच विचारत होते, येतेस का म्हणून."

मग डॉक्टरांनी सगळं कबूल केलं. खुर्ची, कण्हणं, दोन मिनिटं, जिभेची सवय. कुणी हसलं नाही. पोस्टमास्तरांचा हात गालावर गेला.

"म्हणजे माझ्या अक्कलदाढेच्या वेळी..."

"सत्तर मिनिटं लागली होती," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

पोस्टमास्तरांनी वही मागितली. तिथेच दगडावर बसून, वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं की सदर डॉक्टर दाढ काढताना वेळेबाबत खोटं बोलतात. डॉक्टरांनी सायकलचं हँडल घट्ट धरलं. मुकादमांनी तक्रार दोनदा वाचली.

"ही सायकलची होत नाही," ते शेवटी म्हणाले. "ही दवाखान्याची आहे. इथे चालायची नाही." आणि त्यांनी तिच्यावर आडवी रेघ मारली.

वाट वाचली. यापुढे वाटेवर किंवा दवाखान्यात, कुणालाही खोटी वेळ सांगणार नाही, असा शब्द डॉक्टरांनी सगळ्यांसमोर दिला. आणि तो पाळला, हे मात्र मान्य करायला हवं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मुकादम सुजलेला गाल घेऊन खुर्चीत बसले. किती वेळ लागेल ते खरं सांगा, म्हणाले.

"तासभर," डॉक्टर म्हणाले. "आणि मधली वीस मिनिटं चांगलीच दुखेल."

मुकादम उठले, गालाला रुमाल लावला आणि पुढच्या आठवड्यात बघू म्हणत निघून गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे बाहेरच्या बाकावरचे चौघंही ऐकून उठले.

हल्ली डॉक्टर संध्याकाळीसुद्धा सायकल चालवतात.