आपोआप फिरणारा माऊस

निवृत्तीनंतर दुपारी झोपायचे, एवढाच माझा निर्णय होता. (कचेरीतही मी झोपत असे, पण तिथे खुर्ची सरकारी होती.) आड आल्या आमच्या सौभाग्यवती, अन्नपूर्णाबाई. नांदुऱ्याबाहेर त्यांचे माहेराकडून आलेले तीन एकर वावर आहे. यंदा बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली. उरलासुरला कापूस वेचायला मजूर मिळेनात, म्हणून घरात रिकामा दिसलेला माणूस थेट वावरात रवाना होई.

मी रिकामा दिसणेच बंद केले. 'वऱ्हाडातील कापूस' हा ग्रंथ लिहायला संगणकापुढे बसलो. (कापसावर लिहिणाऱ्याने कापसापासून लांब राहावे, असे माझे मत आहे.) बाई स्वयंपाकघरातून पडद्यावर नजर ठेवीत. माझा डोळा लागे, पडदा काळा होई आणि हाक येई, "अहो, झालं ना लिवणं? चला मंग वावरात."

दिवाळीला मुलगी पुष्पांजली पुण्याहून पंधरा दिवसांसाठी आली. ती प्रोग्रॅम लिहिते. मी हळूच विचारले, "पोरी, माऊस आपोआप फिरेल काय?"

"हो बाबा, त्याची लायब्ररी असते, म्हंजे आयता लिहून ठेवलेला प्रोग्रॅम. माऊस कुठं गेला, कुठं क्लिक केलं, सगळं टिपून ठेवते अन् पुन्हा तसंच करून दाखवते. विंडोज, लिनक्स, मॅक, कोणत्याही मशीनवर चालते. पण कशाले पाह्यजे?"

"संशोधनाले," मी म्हणालो.

तिने प्रोग्रॅम करून दिला. मी माऊस थोडा वेळ फिरवला. पहिली ओळ निवडली, सोडली, पुन्हा निवडली. बस. दुसऱ्या दिवसापासून पडद्यावरचा बाण माझ्या वतीने राबू लागला. बाई इतक्या खूश, की दुपारचा चहा बशीत ओतून टेबलावर येऊ लागला.

एके दिवशी आभाळ भरून आले. फुटलेला कापूस भिजला तर हंगाम बुडणार. मदतीला डोणगावहून बाईंचे भाऊ किसनराव धावत आले. बाई अभिमानाने त्यांना ग्रंथकार दाखवायला घेऊन आल्या. मी जागा झालो तो किसनरावांच्या आवाजाने.

"ताई, भाऊजीचे दोन्ही हात पोटावर हायेत, अन् बाण फिरून राह्यला."

बाईंनी चष्मा लावला. "अन् पयल्याच ओळीवर फिरून राह्यला."

मी सावरून बसलो. कचेरीत साहेबांपुढे वापरायचा तो गंभीर आवाज काढला. "हे नवे तंत्रज्ञान आहे. एकदा लावून दिले, की माणसाची गरजच नाही."

वाक्य तोंडातून सुटल्यावर मला त्याचा अर्थ कळला. (टिपणी लिहितानाही माझे असेच होई.)

"गरजच नाही ना?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मंग त्याले लिवू द्या. तुम्ही चला."

वेचलेला कापूस टाकायला त्यांनी लुगड्याचे फडके माझ्या कमरेला ओटीसारखे बांधले. पाऊस येईपर्यंत आम्ही सगळे वेचत होतो. कापूस कोरडा घरी आला, बाईंचा चेहरा फुलला, आणि त्यातला माझा ओंजळभर वाटा किसनरावांनी सगळ्यांना कौतुकाने दाखवला.

संध्याकाळी बाईंनी पुष्पांजलीकडून माऊसची सगळी हकिकत काढून घेतली आणि विचारले, "कावं, त्या माऊससारखं तुह्या बापाले चालवता येईन काय? तू तं म्हणे कोणत्याही मशीनवर चालते."

पोरीने माझ्याकडे नीट पाहिले.

"चालते आई. पण मशीन चालू तरी पाह्यजे ना."