सुर्वेकाकांना स्पितीला जाऊ द्या

नामदेव सुर्वे यांच्यावर गेल्या गुरुवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत अन्याय झाला. ओमानमधल्या दुक्मच्या आमच्या साइटवर त्यांची मंजूर रजा रद्द केली गेली. कारण काय, तर बदली क्रेन ऑपरेटर नाही. काका पुढ्यातला डाळभात तसाच ठेवून उठले आणि क्रेनवर जाऊन बसले. ते बोलणार नाहीत, म्हणून मी लिहितोय.

काका विक्षिप्त आहेत, हे आधीच मान्य करतो. मागे ते हिमाचलात स्पितीला जाऊन आले. तिथे स्तूप असो की मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, सगळं उजव्या हाताला ठेवून जायचं. काकांनी हे इतकं मनावर घेतलं, की ओमान त्यांना अवघड झालं. इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून धावतात, त्यामुळे चौकातला गोल कायम डाव्या हाताला. सीब शहराकडे जाताना गाडी मी चालवतो आणि काका प्रत्येक गोलाला कळवळतात, "उलट गेलो रे, उलट गेलो!"

एकदा त्यांनी गाडी थांबवायलाच लावली. गोलाच्या मधोमध कॉफीची भलीमोठी सिमेंटची किटली होती. तिला भर उन्हात सुलटी प्रदक्षिणा घातली. पोलीस आला. काका म्हणाले, "नो प्रॉब्लेम, अर्बाब. खलास."

"काका, ती किटली आहे. बुद्ध नाही."

"कोण कशात बसलाय, तुला काय ठाऊक? यल्ला, चल."

क्रेनच्या केबिनला त्यांनी पाच रंगांच्या पताका बांधल्या. सेफ्टीवाल्याने विचारलं, "ये कौन सा सिग्नल है?"

"प्रार्थना है. हवा लेके जाती है."

"कहाँ?"

"हवा तो बहुत है इधर. पहुँचेगी, इन्शाल्ला."

मी एकदा सरळ विचारलं, "काका, माणसं सुट्टीत घरी जातात. तुम्हाला चिपळूण सोडून स्पिती कशाला?"

"चिपळूणला कुलूप आहे. तुझी काकू गेली, आता ते उघडून बसायचं कुणासमोर?"

मग स्पितीचं सांगू लागले. स्पितीत ते छेरिंग आजीकडे उतरले होते. निघताना आजीने त्यांचा कप लोण्याच्या चहाने काठोकाठ भरला आणि पिऊ दिला नाही. माणूस लांब निघालं की ती तसा भरला कप मागे ठेवते, ते परत यावं म्हणून.

"पाहुण्यांना नाही ठेवत रे," काका म्हणाले. "तिची सून सांगत होती. फक्त घरच्यांना."

आजीने आता अंथरूण धरलंय. सून फोनवर सांगते, आजी रोज विचारते, आला का? बर्फ पडलं की रस्ता बंद, तो थेट उन्हाळ्यात उघडणार. तोवर आजी असेल का? काका पताका घट्ट करत बसतात.

तेव्हा वाचकहो, हळहळू नका. तुमच्यापैकी ज्याच्याकडे क्रेनचं ओमानी लायसन्स आहे, त्याने दोन आठवडे दुक्मला यावं. राहायला माझी खोली आहे. मॅनेजरशी मी बोलतो. पण याच आठवड्यात या.